वरण-बट्टी आणि तीन बाटल्या

शेवभाजीबरोबर दक्षिण फ्रान्सची लाल वाईन प्यायली तर काय होतं, ते मी एका दमात सांगू शकते. तोंड पेटतं, आणि पेटलेलं तोंड वर कडू होतं. एवढं कळायला मला धुळ्याला यावं लागलं, तीन बाटल्या मुंबईहून गाडीत मांडीवर घेऊन. आणि जे खरं कळायला हवं होतं, ते मला तिसऱ्या बाटलीपर्यंत कळलं नाही. चव ओळखण्याचा पगार घेणाऱ्या बाईला हे शोभत नाही, म्हणून अजूनही आठवलं की चिडचिड होते.

मी मुंबईत एका कंपनीत आहे. ती परदेशाहून वाईन आणते आणि हॉटेलांना विकते. आलेली वाईन चाखायची, तिच्यात काय काय आहे ते लिहायचं आणि कुठल्या पदार्थाबरोबर ती द्यावी हे हॉटेलवाल्यांना सांगायचं, हे माझं काम. धुळ्यात आमच्या गल्लीत हे असं सांगत नाहीत. तिथे मी 'द्राक्षांच्या कंपनीत' आहे. लोकांना वाटतं मी पेट्या मोजते. आईनेच ते तसं पसरवलंय आणि आठ वर्षांत मीही ते दुरुस्त केलेलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा मळ्याची वाईन आली. कारिन्यां आणि ग्रनाश, दोन्ही उन्हाला सोकावलेल्या द्राक्षांच्या जाती. रंग पिकल्या जांभळासारखा, तुरटपणा भरपूर, वास काळ्या फळांचा, मिऱ्याचा आणि तिकडच्या खडकाळ टेकड्यांवर वाढणाऱ्या झुडपांचा. आमच्या मोठ्या बाईंनी फर्मान काढलं की यंदा पनीर टिक्का आणि कबाब लिहायचे नाहीत. प्रत्येकाने आपापल्या मुलखातलं घरचं खाणं घ्यायचं, सहा पदार्थ निवडायचे, प्रत्येक पदार्थ दोनदा शिजवून दोनदा वाईनबरोबर चाखायचा आणि जोडीचा तक्ता भरायचा. दोनदा अशासाठी, की एकदा जमलेलं नशिबानेही जमू शकतं. ज्याचा तक्ता उत्तम, त्याला कंपनी काढणीच्या हंगामात तीन आठवडे त्या मळ्यावर पाठवणार होती.

मला ते तीन आठवडे हवे होते. आठ वर्षं मी त्या झुडपांचे वास पुस्तकं वाचून लिहिले होते. एकदा बाईंनी माझ्या कागदावर त्यांतल्याच एका झुडपाच्या, 'रानथाईम'च्या, नावाखाली रेघ मारून विचारलं होतं, "हे तू कधी हुंगलंयस?" हुंगलेलं नव्हतंच. त्या रेघेचा राग मी किती वर्षं सांभाळला असेल, ते माझं मला माहीत.

तक्त्यासाठी इतरांकडे नव्हतं असं एक भांडवल माझ्याकडे होतं, ते म्हणजे आबा, माझे वडील.

आबा आचारी. धुळे, सोनगीर, नरडाणा या पट्ट्यात चाळीस वर्षं त्यांनी लग्नं, भंडारे आणि तेराव्याच्या पंगती रांधल्या. आणि या चाळीस वर्षांत त्यांनी शिजतं अन्न कधी चाखलं नाही. आमच्याकडच्या जुन्या आचाऱ्यांची ही रीत. पळी तोंडाला लावली की पातेलं उष्टं झालं. आधी नैवेद्य, मग पंगती, आणि शेवटची पंगत उठली की आचारी जेवणार. मीठ, तिखट, मसाला, डाळ शिजली की नाही, सगळं वासावर. लहानपणी मी पाहिलंय, आबा मांडवाबाहेर बाजेवर आडवे पडलेले आणि तिथूनच ओरडायचे, "दुसरी चुलवरनं वरण लागी ऱ्हायनं!" धावत जाऊन ढवळावं तर खरंच वरण तळाला धरायला लागलेलं असायचं. जो आचारी चाखतो तो कच्चा, असं ते म्हणायचे.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, हे नाक तुम्ही कुठून आणलं? मी म्हटलं, वडिलांचं आहे, आणि बाजेवरची गोष्ट सांगितली. तिथपासून ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की नव्या पोरांना शिकवायला उभी राहिले की कुणीतरी आपणहूनच म्हणतं, ताई, ते बाजेवरचं सांगा ना. मुंबईहून निघताना माझा बेत ठरलेला होता. आबा रांधतील, मी चाखेन, आणि आबा ग्लास नुसता हुंगून सांगतील की याला कुठला मसाला धार्जिणा. प्यायचं नाही, हुंगायचं. हुंगण्याने कुणाचा धर्म बुडत नाही, असं मी मनाशी युक्तिवाद करत चाळीसगाव ओलांडलं.

आधी जळगावला उतरले. धाकटा भाऊ तिथे असतो आणि हिवाळ्यात त्याचं मित्रमंडळ एका मळ्यात भरीत पार्टी करतं. जळगावचं भरीत म्हणजे हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या वाळल्या काटक्यांवर भाजलेली, बडगीत म्हणजे लाकडी उखळीत ठेचलेली, त्यात मिरची, पातीचा कांदा, शेंगदाणे आणि हात आखडता न घेता ओतलेलं तेल. धुराचा वास आणि तेल, दोन्ही या वाईनला मानवणार हे मला कागदावरच दिसत होतं. मिरचीचं काय ते बघू म्हटलं.

मळ्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. बूच काढून तिला जरा हवा खाऊ दिली आणि वांगी कुठवर आली ते बघायला काटक्यांच्या जाळापाशी गेले. अर्ध्या तासाने परत येते तो बाटली रिकामी. मंडळींनी ती स्टीलच्या पेल्यांत ओतून, सोडा घालून, फुटाण्यांबरोबर संपवली होती. वर एकाने मला मनापासून सांगितलं, "ताई, चांगली आहे, पण चढत नाही."

मी म्हटलं, "अहो, ही भरताबरोबर प्यायची होती!"

सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू मी चपला घालून देवळात शिरले होते. भावाच्या वर्गमित्राने समजूत घातली, "जेवणाबरोबर? ताई, घास तोंडात गेला का पिणं बंद. अन्नाचा मान असतो काही."

इथे माझी सगळी विद्या एका वाक्यात निकालात निघाली. मी आठ वर्षं हॉटेलवाल्यांना घास आणि घोट यांची सांगड शिकवते आहे, आणि माझ्या स्वतःच्या मुलखात घोट संपल्याशिवाय घासाला कुणी हात लावत नाही. आधी दोन तास बसायचं, मग पेले उलटे ठेवून, हात धुऊन, जेवायचं. ही काही त्यांची बेफिकिरी नव्हती, शिस्तच होती. मला मात्र त्या क्षणी त्या शिस्तीचा इतका संताप आला की मी भरीत नुसतंच खाल्लं आणि ते अप्रतिम होतं म्हणून आणखी चिडले.

एक बाटली गेली. दोन उरल्या. सोमवारी तक्ता द्यायचा होता. सकाळी मी पारोळ्यावरून धुळ्याची एसटी पकडली.

आबांनी बाटल्या बघितल्या आणि पहिलं वाक्य बोलले, "हाई देवघरपाईन दूर ठेव, माय." त्यावर काही वाद नव्हता. बाटल्या मागच्या पडवीत गेल्या. रांधायला मात्र ते लगेच तयार झाले. गुडघ्यांच्या दुखण्याने चार-पाच वर्षांपासून त्यांनी लग्नाच्या सुपाऱ्या घेणं बंद केलं होतं. आता लेक कामासाठी आली आहे म्हटल्यावर त्यांनी सोनगीरचं पितळी पातेलं माळ्यावरून उतरवून घेतलं आणि चिंच लावून स्वतः घासलं.

पहिल्या दुपारी वरण-बट्टी केली. गव्हाच्या जाडसर पिठात ओवा, हळद, मोहन घालून वळलेले लांबट गोळे, उकडलेले, मग कापून तुपात खरपूस तळलेले. तुरीचं साधं वरण. जोडीला वांग्याची घोटलेली भाजी. आबा चुलीपाशी, आणि आई त्यांच्या कोपराला कोपर लावून. ती सारखी बडबडत होती. "तेल तपनं बरं!" "जिरं तडतडनं!" "कांदा लाल व्हयना आते!" जन्मभर ज्या माणसाला स्वयंपाकात कुणी शब्द सुचवायला धजलं नाही, त्याला ती पोरासारखं सांगत होती, आणि तेही निमूट ऐकत होते. म्हातारपणी माणसं मऊ होतात, असं मी मनात म्हटलं.

ताट वाढून घेतलं. पांढरा कागद मांडला, ग्लास तिरका धरून रंग बघितला, फिरवला, हुंगला. बट्टीचा कुरकुरीत तुकडा तुपात बुडवून वरणाबरोबर खाल्ला आणि एक घोट घेतला.

जमलं होतं. त्या वाईनचा सगळा आडदांड तुरटपणा तुपाने पोटाशी धरला, तळलेल्या कडेचा खमंगपणा आणि तिच्यातला मिऱ्याचा वास एकमेकांना ओळखत असल्यासारखे भेटले, ओवा तर असा उमटला की त्या पुस्तकी झुडपांची मला गरजच उरली नाही. चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे मी घोट वाटीत थुंकला आणि आनंदाने ओरडले. आबांनी मान फिरवली. जेवताना थुंकणारी लेक त्यांना बघवली नाही.

"आबा, हे हुंगा ना एकदा," मी ग्लास पुढे केला.

"त्यान्हामा माले काय समजस? दारू शे ती. तू खा, तू सांग."

मी जास्त ताणलं नाही. सवय होईल हळूहळू, असं वाटलं. एक पदार्थ एकदा जमला होता. आता बाकीचे पाच, आणि हाच पुन्हा एकदा. तेवढ्यात माझ्या डोक्यात शास्त्र शिरलं. तक्त्यात प्रत्येक गोष्ट कधी, किती वेळ, कुणी केली ते लिहायचं असतं, आणि आईच्या बडबडीने मला धड काही टिपता येत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर ती आबांच्या मध्ये मध्ये करते, हेच मला खटकत होतं. एवढा मोठा आचारी, आणि त्याला ही 'कांदा लाल झाला' सांगणार!

मी तिला म्हटलं, "आई, तू जरा शेजारी जाऊन बस. त्यांना त्यांच्या हाताने करू दे."

ती घुटमळली. "मी ऱ्हायनू तर तुले काय व्हस? मी बोलाव नही."

"तू बोलल्याशिवाय राहणार आहेस का? जा ना. मला काम करू दे."

तिने आबांकडे बघितलं. आबा पातेल्याकडे बघत होते. ती गेली.

संध्याकाळी शेवभाजी केली. काळा मसाला म्हणजे कांदा आणि खोबरं काळंभोर होईतो भाजायचं, पण जळू द्यायचं नाही. त्या दोन गोष्टींमधलं अंतर वासाचं असतं. मी पडवीत बसून बट्टीबद्दल पानभर लिहीत होते. आत आले तोवर मसाला वाटून झाला होता आणि तर्री उकळत होती. चाखली आणि कपाळाला हात लावला. नुसती तिखट नव्हती, कडूजहर होती. त्यावर वाईनचा घोट घेतला तर तिचा तुरटपणा त्या कडवटपणाला जाऊन मिळाला आणि मिरचीने दोघांना पेटवलं. पाणी, गूळ, भाकरी, कशानेच भागेना.

"आबा, मसाला जळलाय."

"जयना नही तो. काया मसाला कायाच ऱ्हास."

"अहो, जळलाय! मला कळतं ना!"

 रात्रीच्या जेवणाला आई आली, तिने एक घास खाल्ला आणि मान खाली घालून सगळी भाजी संपवली. तिने काही न बोलणं हेच मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं. मी मात्र पेनाचं टोपण चावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, आमटी. बेसन कच्चं राहिलेलं. दुपारी फौजदारी डाळ, आमच्याकडची लसणाची झणझणीत फोडणी दिलेली. तीत लसूण असा करपलेला की वाईन बाजूलाच राहो, मीच ती गिळू शकेना. मी पुन्हा करायला लावली. पुन्हा करपली. मग मला वाटायला लागलं की हे मुद्दाम चाललंय. दारूबरोबर आपलं अन्न नको, हे तोंडाने न सांगता हाताने सांगताहेत. वडील तसे हट्टी आहेतच. माझ्या नोकरीबद्दल आठ वर्षांत त्यांनी एक शब्द विचारला नव्हता, तोही राग त्यात मिसळला. मी घरात प्रमाण मराठी बोलते म्हणून आई मला चिडवते. पण राग आला की माझीही भाषा घरी परतते.

"तुम्ही मुद्दाम करतस ना हाई?" मी ओरडले. "मनं काम नको व्हवाले, म्हनीसन?"

आबांनी उलथणं खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नही माय. परत करस. सांग, काय करू?"

ते 'काय करू' मला अजून टोचतं. चाळीस वर्षं ज्याने हजार-हजार माणसांना जेवू घातलं, तो मला विचारत होता की काय करू. मला ते नाटक वाटलं. मी म्हटलं, बट्टी. काल जमलेली बट्टी पुन्हा करा, निदान एक तरी जोडी पक्की होऊ दे.

दुसरी बाटली संपत आली होती. तळाशी घोटभर उरली होती, ती मी एका ग्लासात काढून ठेवली आणि तिसरी बाटली उघडली. ओतली, फिरवली, नाकाशी नेली आणि तशीच थांबले. ओलं बारदान. पावसात भिजून महिनाभर गोदामात पडलेल्या पोत्यांचा कुबट वास. कधी कधी बुचाला बुरशी धरते आणि ती अख्खी बाटली नासवते. हजारात काही निघतात तशा, आणि ही नेमकी माझ्या वाट्याला आली होती. यात फळ नव्हतं, मिरं नव्हतं, फक्त कुबट गोणपाट. शिकाऊ पोरगंसुद्धा नाक मुरडेल इतका तो वास उघड होता.

मी रडकुंडीला आले. बट्टीसाठी पीठ मळत बसलेल्या आबांसमोर मी तो ग्लास नेऊन आदळला.

"आता हे तरी हुंगा! बघा माझं नशीब! बघा काय झालंय ते!"

कदाचित माझ्या आवाजाला घाबरूनच त्यांनी या वेळी नाही म्हटलं नाही. पिठाचा हात पंच्याला पुसला, ग्लास धरला, नाकाशी नेला. मी बघत होते. त्यांची नजर ग्लासकडे नव्हती. ती माझ्या तोंडावर होती. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना आनंदाचं वाटलं की काय कोण जाणे.

"झकास शे," ते म्हणाले. "गोड वास शे."

 कालच्या चांगल्या बाटलीतला जो घोट राखून ठेवला होता, तो ग्लास आणला आणि त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. हे मी का केलं ते सांगते. आमच्या धंद्यात शंका आली की दोन ग्लास समोर ठेवतात. बापावर तो प्रयोग करू नये एवढी अक्कल मला त्या क्षणी नव्हती.

"यातला चांगला कुठला?"

त्यांनी एक हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी चेहरा कोरा ठेवला. मला तो ठेवता येतो, त्याचा मला पगार मिळतो. मग त्यांनी दोन्ही ग्लास खाली, पिठाच्या परातीच्या बाजूला ठेवले.

"वास येस नही माले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"करोनाना तापपाईन."

म्हणजे गुडघे वगैरे काही नव्हतं. मी मनातल्या मनात सुपाऱ्या बंद झाल्यानंतरची सगळी वर्षं, दिवाळ्या, माझ्या दोन-दोन दिवसांच्या फेऱ्या उलट्या फिरवून बघितल्या. दर वेळी चुलीपाशी आई होती. दर वेळी ती बडबडत होती. आणि मीच तिला हाकलून दिलं होतं, काम नीट व्हावं म्हणून.

"आईला माहीत आहे?"

"तिले नही त कोनले ऱ्हाई?" मग त्यांनी विचारलं, "तुनी कंपनीमा कोनं नाक गयं त काय करतस त्या?"

खोटं बोलता आलं असतं. "घरी पाठवतात," मी म्हटलं.

"मंग मी बी घरच शे ना," ते म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. मी उठून शेजारच्या ओट्यावर गेले. आई तिथे दुसऱ्यांच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडावरूनच तिला सगळं कळलं. मी तिच्यावरच तोंड सोडलं. मला का नाही सांगितलं? गावाला नका सांगू, सोयऱ्यांना नका सांगू, पण माझं तर पोट वासावर चालतं, माझ्या ओळखीत डॉक्टर आहेत, यावर घरी करायचे उपाय असतात, रोज चार वास हुंगून नाकाला पुन्हा शिकवतात, मी काहीतरी केलं असतं. चार वर्षं वाया घालवलीत!

आई पदरातली टरफलं झटकत उठली. "तू बठ्ठास्ले सांगत फिरस, मनं नाक आबानं शे. त्यास्ले वाटनं, लोकेस्ले समजनं त तुन्या नाकवर कोनी भरोसा ठेवाव नही."

हे एवढंच म्हणून ती घराकडे चालू लागली. मी तिच्या मागून गेले. 

आत आबा उकडलेले गोळे कापत होते. तूप चढवलेलं होतं. आई काही न विचारता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, थोड्या वेळाने म्हणाली, "तपनं." त्यांनी पहिला घाणा सोडला. मी परातीजवळचा नासका ग्लास मोरीत ओतायला उचलला.

"थांब," आबा म्हणाले. "कसा येस वास त्यान्हा?"

"वाईट आहे, आबा. जाऊ द्या."

"सांग ना. तुनं कामच शे ना ते."

आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाचं काही विचारलं होतं. मी सांगितलं, ओलं बारदान. पाऊस लागलेलं, गोदामातलं. तळाला बुरशी धरलेली, वर थोडीशी जुन्या पुठ्ठ्याची घाण. त्यांनी मान हलवली. आचारी होण्याआधी त्यांचं तरुणपण बाजारसमितीत धान्याच्या पोत्यांमध्ये गेलं होतं. तो वास त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यांनी माझ्या हातातून ग्लास घेतला, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास ओढला. मग पुन्हा एकदा, जास्त सावकाश, जसं अंधारात हाताने कडी चाचपावी तसं. कपाळावर आठ्या आल्या. मी आणि आई श्वास धरून उभ्या होतो. कढईतले तुकडे लाल होत आले होते तरी आई ते सांगायचं विसरली.

"नही," आबा म्हणाले. "नही येस."

त्यांनी ग्लास माझ्या हातात परत दिला आणि झारा उचलला.